फावल्या वेळचें काम

दुपारचीं जेवणें आटोपून घर थोडें निवांत झालें, म्हणजे लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन दोन सुया चालविणारी आजी, मावशी किंवा आत्या आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलेली असेल. तिला "काय चाललें आहे?" असें विचारावें, तर "कांहीं नाहीं, आपलें बसल्या बसल्या" असें उत्तर मिळावयाचें. हातांत अर्धा झालेला स्वेटर, मनांत टाक्यांचा हिशेब, आणि तोंडीं मात्र "कांहीं नाहीं"! या "कांहीं नाहीं"चा इतिहास पाहण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. तो पाहतांना आमची स्वतःचीच एक समजूत खोटी ठरली, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. विणकाम हें मूळचें बायकांच्या विरंगुळ्याचें, आणि मागाहून कोणी त्याचा धंदा केला असावा, असें आम्हांस वाटत असे. युरोपाचा लेखी इतिहास चाळतां क्रम जवळजवळ उलटा दिसतो.

मराठींत "विणणें" हा एकच शब्द मागाला आणि सुयांना सारखाच लागूं पडतो; पण दोहोंची रीत अगदीं भिन्न. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांस ओलांडून जातात, व त्यांपासून घट्ट, फारसें न ताणणारें कापड निघतें. सुयांच्या विणकामांत धागा एकच; त्याचा एक फास दुसऱ्या फासांतून ओढून काढावयाचा, एवढीच त्याची सारी विद्या. सुलट टाका आणि उलट टाका, या दोहोंच्या अदलाबदलींतून बहुतेक नमुने उत्पन्न होतात. अशा कापडाला ताण सोसण्याचा गुण येतो, व म्हणून टाच, गुडघा, डोकें अशा गोलाईच्या अवयवांस तें नेमकें बसतें. क्रोशाची सुई एकटीच असते व तिच्या टोकाला आंकडा असतो. "क्रोशे" या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळीं लहान आंकडा. साखळी आणि खांब हे तिचे दोन मुख्य प्रकार आमच्या घरांतील मुलींना शिकवावे लागत नाहींत. पाहतां पाहतां त्या शिकतात.

या कलेच्या मूळ शोधाला निघालें कीं मनुष्य ईजिप्तला पोहोंचतो. तेथें इसवी सनाच्या चौथ्यापांचव्या शतकांतले लोकरीचे मोजे सांपडले असून त्यांतील कांहीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि ॲल्बर्ट संग्रहालयांत आहेत. त्यांचा अंगठा निराळा विणलेला आहे, कारण ते पट्ट्याच्या वहाणेंत घालावयाचे होते. आंगठ्याची चप्पल घालणाऱ्या आम्हां लोकांना ती सोय तत्काळ पटेल! तथापि हे मोजे दोन सुयांचे नव्हेत. नेढ्याच्या एकाच सुईनें धागा फासांतून ओवून ते केलेले आहेत. खऱ्या विणकामाचे जुने नमुने त्याच देशांत पुढील काळीं, म्हणजे सुमारें अकराव्या ते चौदाव्या शतकांत, निळ्यापांढऱ्या सुती मोज्यांच्या रूपानें आढळतात. तेथून ही विद्या मुसलमान कारागिरांबरोबर स्पेनांत गेली असावी. १२७५ सालीं मरण पावलेल्या फर्नांदो दे ला सेर्दा या राजपुत्राच्या थडग्यांत विणलेल्या रेशमी उशा सांपडल्या. त्यांवर अरबी अक्षरें आहेत. ख्रिस्ती राजपुत्र अखेरची निद्रा घेतो, आणि त्याच्या उशाखालचें काम अरबी लिपी जाणणाऱ्या हातांचें! इ. स. १४०० च्या सुमारास जर्मन चित्रकार मास्टर बर्ट्रम यानें रंगविलेल्या एका वेदिचित्रांत कुमारी मेरी चार सुयांवर बाळासाठीं बिनशिवणीचा सदरा विणीत बसली आहे. म्हणजे तोंपर्यंत हें काम तेथील घरोघर परिचयाचें झालें होतें, असें मानावयास हरकत नाहीं.

परंतु घरांत परिचयाचें असलें तरी त्याची प्रतिष्ठा बाजारांत होती. युरोपांतील अनेक शहरांत विणकऱ्यांचे संघ होते व ते प्रामुख्यानें पुरुषांचे होते. उमेदवारानें वर्षानुवर्षें काम शिकावें आणि अखेरीस आपल्या कसबाचा नमुना संघापुढें ठेवून उस्ताद ही पदवी मिळवावी, अशी रीत असे. अल्सास आणि सायलेशिया या प्रांतांत असा नमुना म्हणून फुलापानांनीं भरलेला आख्खा गालिचा विणावा लागे. इंग्लंडांत तर या धंद्याच्या रक्षणासाठीं राजसत्तेनें प्रजेच्या डोक्यालाच हात घातला. १५७१ सालच्या कायद्यानें, कांहीं वरिष्ठ वर्ग वगळून, सहा वर्षांवरील प्रत्येकानें रविवारीं व सणाच्या दिवशीं विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे, असें ठरविलें. न घातल्यास दंड. कायद्यानें माणूस टोपी घालील, पण हौसेनें घालणार नाहीं. १५९७ सालीं तो कायदा रद्द झाला.

याच सुमारास एक अशी घटना घडली कीं, तिचे पडसाद सव्वादोनशें वर्षें उमटत राहिले. १५८९ सालीं नॉटिंगहॅम परगण्यांतील कॅल्व्हर्टन गांवच्या विल्यम ली यानें मोजे विणण्याचें यंत्र सिद्ध केलें. हातानें विणणारा एका वेळीं एक टाका घालतो; लीच्या यंत्रांत प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आंकडेदार सुई होती, त्यामुळें एक ओळच्या ओळ एकदम तयार होई. राणी एलिझाबेथ हिनें त्याला मक्ता दिला नाहीं. हातविणकऱ्यांची पोटें मारलीं जातील ही धास्ती त्यास कारण असल्याचें सांगतात. ली फ्रान्सांत गेला. चौथ्या हेन्रीच्या आश्रयानें रूआं शहरीं त्याचा जम बसूं लागला, तोंच १६१० सालीं त्या राजाचा खून झाला आणि कांहीं वर्षांत ली हाही परदेशींच वारला. त्याचा भाऊ यंत्रें घेऊन मायदेशीं परतला, व जें यंत्र राणीनें नाकारलें त्यावर चालणाऱ्या धंद्याच्या संघाला १६५७ सालीं क्रॉमवेलनें सनद दिली.

पुढें १८११ सालीं याच नॉटिंगहॅम परगण्यांत रात्रीं तोंडें काळीं करून यंत्रें फोडणाऱ्या टोळ्या निघाल्या. त्यांस लडाइट असें नांव पडलें. यंत्राचे आंधळे द्वेष्टे म्हणून हें नांव आज सर्रास वापरतात. तें आम्हांस अन्यायाचें वाटतें. कारण नॉटिंगहॅमचे हे लोक स्वतःच यंत्रावर काम करणारे होते. यंत्र दुसऱ्याच्या मालकीचें, त्याचें भाडें विणकऱ्याच्या माथीं, मजुरी घसरलेली, आणि वर रुंद कापड विणून त्याचे तुकडे कापून शिवलेले हलके मोजे विकून धंद्याची अब्रू घालविलेली, हें त्यांचें गाऱ्हाणें होतें. सरकारनें उत्तर दिलें तें यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरविणारा कायदा करून. त्याविरुद्ध उमरावांच्या सभेंत २७ फेब्रुवारी १८१२ रोजीं तरुण कवि बायरन बोलला. तें त्याचें तेथील पहिलें भाषण. कायदा मात्र झालाच.

यंत्रानें धंदा असा कारखान्याकडे ओढून नेला. पण सुया थांबल्या नाहींत. त्या गरिबांच्या घरीं गेल्या. यॉर्कशरच्या डोंगराळ खोऱ्यांत बायका, पुरुष, मुलें, सारींच मजुरीनें विणीत. गुरें वळतांना, बाजारची वाट चालतांना, हात चालूच. त्यासाठीं त्यांनीं एक साधें पण अतिशय उपयोगी साधन वापरांत ठेवलें होतें. कमरेच्या पट्ट्यांत खोंचावयाचा लांकडी दांडा, त्याला एक भोंक, आणि त्यांत एका सुईचें टोंक. सुई अशी कमरेशीं टेकली म्हणजे उजवा हात तिचा भार वाहण्यापासून मोकळा होतो व वेग वाढतो. हे दांडे तरुण मुलगे कोरीव काम करून आपल्या प्रेयसीस भेट देत. वाचकांस हें काव्यमय वाटेल, व तें आहेही. पण चालतां चालतांही जिला विणावें लागतें तिचा वेळ "फावला" नसतो, हेंही त्याच दांड्यावर कोरलेलें आहे. हिंवाळ्यांत दिव्याचा आणि सरपणाचा खर्च वांचावा म्हणून शेजारीपाजारी एका घरीं जमून विणीत बसत.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांचा दाखला याहून बोलका आहे. तेथील शाली इतक्या तलम कीं, आख्खी शाल बोटांतल्या अंगठींतून ओढून काढतां येई. त्या विणणारीच्या पदरीं काय पडे? व्यापारी रोख पैसा न देतां चहा, कापड असें आपल्याच दुकानांतील सामान मजुरी म्हणून देई. विणणारीला पीठ हवें असे, आणि हातीं पडे चहा. मग तो चहा देऊन तिनें शेजारणीकडून पीठ मिळवावें. या पद्धतीची सरकारी चौकशी होऊन १८७२ सालीं तिचा अहवाल निघाला, व त्यांत त्या बायकांच्या जबान्या छापल्या गेल्या. अंगठींतून जाणारी शाल सर्वांस ठाऊक असते. ही जबानी क्वचितच कोणास ठाऊक असते.

क्रोशाच्या इतिहासांत याहून दारुण प्रसंग आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व सांथीनें मेलीं; तितक्याच लोकांनीं देश सोडला. आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळांत रस्ते आणि खडी फोडण्याचीं कामें निघालीं, तशीं तेथेंही रस्त्यांचीं कामें निघालीं होतीं. पण अंगांत बळ नसलेल्यांना तीं झेपेनात. अशा वेळीं कॉर्क येथील अर्सुलाइन पंथाच्या जोगिणींनीं आणि अन्य कांहीं बायांनीं क्रोशाची सुई पुढें केली. मोनॅहन परगण्यांतील क्लोनिस गांवीं तेथल्या धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें १८४७ सालीं शिक्षिका आणवून हें काम सुरू केलें. वेनिसची जुनी, साध्या सुईनें केलेली लेस अतिशय महाग. तिचें रूप क्रोशानें थोड्या वेळांत उतरवितां येई. भांडवल म्हणजे एक आंकडा आणि दोऱ्याची गुंडी. एका घरानें गुलाब करावे, दुसऱ्यानें पानें, आणि तिसऱ्यानें तीं जाळीवर जोडावीं, अशी वांटणी झाली. या लेसच्या पैशावर अनेक कुटुंबें जगलीं, आणि कित्येकांनीं त्यांतूनच अमेरिकेच्या जहाजाचें भाडें भरलें. ज्या कॉलरी पाहून लंडनच्या बैठकींतल्या स्त्रिया "किती नाजूक!" म्हणत, त्या भुकेनें विणलेल्या होत्या.

आपल्या देशांत हें काम मुख्यतः मिशनऱ्यांच्या शाळांबरोबर आलें. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतही क्रोशाची परंपरा चांगली मुरली आहे. मडमेकडून मुलींकडे, मुलींकडून सासरीं, असा प्रवास करीत बाळाचें टोपडें, दारचें तोरण, टेबलावरचा रुमाल हीं आमच्या मध्यम वर्गाचीं भूषणें झालीं. सुयांचे नंबरही आम्हीं जुने इंग्रजीच ठेविले. दहा नंबरची सुई आठ नंबरच्या सुईहून बारीक, हें नवशिक्या मुलीला उलटें वाटतें; तो तारेच्या जुन्या मापाचा वारसा आहे. पण हेंच काम आंध्रांतील गोदावरीच्या मुखाशीं, नरसापूरच्या भागांत, निराळ्या वाटेनें गेलें. एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं तेथें क्रोशाची लेस शिकविली आणि तिचा परदेशीं व्यापार वाढला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनीं तेथें राहून केलेला अभ्यास १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. विणणाऱ्या बायका घरचें सारें काम उरकून दिवसाचे सहा ते आठ तास लेस करीत. मजुरी सरकारी किमान दराच्या कितीतरी खालीं असे. व्यापार पुरुषांच्या हातीं, आणि माल परदेशीं जाई. असें असूनही त्यांस कोणी कामकरी म्हणत नसे. त्या "गृहिणी", आणि त्यांचें काम "फावल्या वेळचें". २०२४ सालीं नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाला मान मिळाला, हें चांगलेंच. हातांना मोल मिळणें हा त्यापुढचा भाग आहे.

यावरून आमचें म्हणणें वाचकांच्या ध्यानीं आलें असेल. "फावला वेळ" हा शब्द वरकरणीं सौम्य, पण व्यवहारांत त्यानें मजुरी कापण्याचें काम केलें आहे. पुरुष संघांत बसून विणीत होता, तोंवर ती उस्तादी होती. तेंच काम घराच्या उंबऱ्याआड गेलें, आणि तें "बसल्या बसल्या" झालें. हात तेच, टाका तोच, बुद्धीही तीच. त्या बुद्धीचा एक दाखला तर अगदीं अलीकडचा आहे. ज्या वक्र पृष्ठाची हातीं धरतां येईल अशी टिकाऊ प्रतिकृति करणें गणितज्ञांस अवघड जात होतें, तें कॉर्नेल विद्यापीठांतील डायना टायमिना या गणितज्ञ स्त्रीनें १९९७ सालीं क्रोशानें विणून दाखविलें. ओळीगणिक ठराविक प्रमाणांत टाके वाढवावयाचे, एवढीच तिची युक्ति. झालरीच्या कडेला चुण्या आणणाऱ्या प्रत्येक आजीला ती ठाऊक असते.

घरांतल्या प्रत्येक टाक्याची किंमत रुपयांत करावी, असें आम्हीं म्हणत नाहीं. नातवाच्या टोपड्याचा हिशेब कोण मांडील? प्रेमानें दिलेलें प्रेमानेंच घ्यावें. पण जें विकावयासाठीं विणलें जातें, तेथें पुरती मजुरी द्यावी. आणि जें आपल्यासाठीं विणलें जातें, तेथें निदान त्यास काम म्हणावें. पुढल्या वेळीं आजीनें "कांहीं नाहीं, आपलें बसल्या बसल्या" असें म्हटलें, तर तिच्याजवळ घटकाभर बसून टाके मोजून पाहावे. मध्येंच एक चुकतो आणि पुन्हां पहिल्यापासून मोजावें लागतें, असा आमचा तरी अनुभव आहे.