विहिरीतील कासव : खानदेशातील एका जुन्या चालीचा वृत्तान्त

सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगा यांच्या दरम्यान पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी ही खानदेशाची जीवनवाहिनी होय, असे आपण शाळेच्या भूगोलात शिकतो. परंतु तिचे काठ इतके उंच आणि पात्र इतके खोल की, गेल्या शतकात यंत्रे आणि धरणे येईपर्यंत तिच्या तीरावरील शेतकऱ्यालासुद्धा तिच्या पाण्याचा शेतीसाठी फारसा उपयोग होत नसे. म्हणून फारुकी सुलतानांच्या अमदानीपासून पेशवाईपर्यंत, आणि १८१८ नंतर इंग्रजांच्या जमाबंदीतही, या प्रांताची बागायत विसंबून राहिली ती विहिरींवर आणि पांझरेसारख्या उपनद्यांच्या लहान बंधाऱ्यांवर. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव व धुळे ही त्यांची मुख्य ठाणी ठरली, तेव्हाही दोन्हीकडच्या गावगाड्याचा प्राण विहीर हाच होता. आणि महाराष्ट्रातील इतर अनेक प्रांतांप्रमाणे येथेही पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत एखादे कासव सोडण्याची चाल होती.

ही चाल कोणत्या सनदेत नोंदलेली नाही, तिच्यासाठी कोणाला इनाम जमीन मिळालेली नाही, आणि बारा बलुत्यांत कासव सांभाळणारा बलुतेदार असा कोणी नव्हता. त्यामुळे दप्तरांतून तिचा माग काढू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ती टिकली ती केवळ लोकांच्या वहिवाटीने. नवी विहीर बांधून झाली, पाण्याची पूजा झाली, की नदीच्या डोहात भोई-कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेले एखादे लहानसे कासव आणून ते पाण्यात सोडावयाचे, आणि पुढे ते त्या विहिरीचे, पर्यायाने त्या गावाचे किंवा घराण्याचे, होऊन जाई. गाळ काढण्याच्या वेळी त्याला घमेल्यात घालून वर आणीत, काम होईपर्यंत हौदात ठेवीत आणि पुन्हा खाली सोडीत. पाणी शेंदताना ते वर आलेले दिसले तर शुभ मानीत. मोटेच्या थारोळ्यापाशी उभे राहून, काठावर पालथे पडून, त्या काळ्या पाठीची वाट पाहण्यात ज्यांचे बालपण गेले अशी माणसे आजही खानदेशात पुष्कळ भेटतील, आणि त्या प्रेमाविषयी माझ्या मनात आदरच आहे.

या प्रेमाला पूर्वापार धर्मकल्पनांचे अधिष्ठान होते. शिवालयाच्या सभामंडपात, गाभाऱ्याच्या समोर, फरशीत कोरलेले कासव कोणी पाहिले नाही असा मराठी मनुष्य विरळा. अंगे आत ओढून घेणारे कासव हे इंद्रियनिग्रहाचे प्रतीक म्हणून गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आले आहे, आणि देवालय बांधताना गाभाऱ्याच्या पायात कूर्मशिला बसविण्याचा विधी शिल्पशास्त्राने सांगितला आहे. त्याहीपूर्वी, शतपथ ब्राह्मणातील अग्निचयनात, वेदीच्या थरात जिवंत कासव बसविताना त्याला दही, मध आणि तूप माखावे व त्याच्या खाली-वर अवका नामक पाणवनस्पती अंथरावी असा विधी आहे. जलचराला चिणावयाचे, परंतु चिणताना त्याच्या ओल्या घराची आठवण म्हणून शेवाळासारखी ती वनस्पती सोबत द्यावयाची, असा हा प्रकार. आदर आणि बंदिवास एकाच कृतीत एकवटण्याचे याहून जुने उदाहरण मला आठवत नाही, आणि विहिरीतील कासवाच्या नशिबी नेमके हेच दोन भोग आले.

येथे खानदेशाच्या एका गौरवाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापन केल्याचे आणि त्याला निकुंभ राजांनी आश्रय दिल्याचे नमूद आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या दृष्टीस आणला. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात आचार्यांनी असा युक्तिवाद केला आहे की, पृथ्वीला कोणी मूर्त आधार हवा असे म्हटले तर त्या आधाराला दुसरा, त्याला तिसरा, असे अनंतापर्यंत जावे लागेल. म्हणून पृथ्वी स्वतःच्याच शक्तीने आकाशात स्थिर आहे. ज्या मुलखाच्या देवळांत लोक कासवाला नमस्कार करून आत जात होते, त्याच मुलखात पृथ्वीखाली कोणी कूर्म किंवा शेष असण्याची गरज नाही हे शिकविणारी पाठशाळा चालत होती. आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी निर्वेध नांदत होत्या, ही त्या काळाची मोठी प्रगल्भता म्हटली पाहिजे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो : या कासवाला खावयाला कोण घालीत असे? याचे उत्तर, बहुतेक ठिकाणी, कोणीच नाही, असे आहे. एखादी भाविक स्त्री नैवेद्याचा भात किंवा भाकरीचा कुसकरा टाकी, मुले मुरमुरे टाकीत. परंतु गाईसाठी जसा गोग्रास आणि कुत्र्यासाठी जसा चतकोर, तसा कासवाचा घास कोणाच्या नेमात नव्हता. ही निष्काळजी होती असे मात्र समजू नये. तिच्या मुळाशी एक दृढ आणि अतिशय सुंदर समजूत होती. कासवी आपल्या पिल्लांना पाजीत नाही, भरवीत नाही. ती दूर राहून केवळ प्रेमाने त्यांच्याकडे पाहते आणि त्या दृष्टीनेच पिल्लांचे पोषण होते, अशी ती समजूत. ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत संतवाङ्मयात हा दृष्टान्त वारंवार भेटतो. तंत्रग्रंथांत तर गुरूने शिष्याला देण्याच्या दीक्षांचे प्रकार सांगताना पक्षिणी स्पर्शाने, मासोळी दृष्टीने आणि कासवी केवळ ध्यानाने पिल्ले वाढविते, असा भेद केलेला आढळतो. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव आणि मुक्ताबाईचे समाधिस्थान असलेले मेहूण ही स्थाने ज्या परिसरात आहेत, ज्या परिसरातून मुक्ताबाईची पालखी पंढरीला जाते, तेथल्या वारकऱ्याला ही कूर्मदृष्टी कीर्तनातून पाठ असावी यात नवल नाही. दृष्टीनेच जे वाढते त्याला भाकरी ती काय घालावयाची?

निसर्गात घडते ते याच्या नेमके उलट. मादी नदीकाठच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते, मागच्या पायांनी माती लोटून तो बुजविते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा ती त्यांना पाहतही नाही. मऊ पाठीच्या कासवाची अंडी तर कित्येक महिने जमिनीत राहतात आणि पिल्ले सुमारे पावसाळ्याच्या तोंडाशी बाहेर पडतात. मग ही समजूत केवळ कविकल्पना म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा उरलेला साठा असतो, आणि पहिले काही दिवस ते त्याच्यावरच जगते. त्या काळात त्याने काही खाल्ले नाही तरी त्याची हालचाल मंदावत नाही. आई जवळ नाही, तोंडात घास नाही, आणि तरी पिल्लू टवटवीत आहे, हे ज्या कोण्या डोळसाने नदीकाठी पाहिले असेल, त्याने त्या अदृश्य पोषणाचे श्रेय आईच्या दृष्टीला दिले असावे, असा माझा तर्क आहे. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र पिल्लाच्या स्वतःच्या पोटात होते.

बलक संपला की खरी भूक सुरू होते. खानदेशाच्या पाण्यात जी कासवे आढळतात त्यांपैकी मऊ, तुळतुळीत पाठीचे आणि पोटाखालच्या झडपांत मागचे पाय मिटून घेणारे कासव बेडूक, गोगलगाई, मासे, कीटक, मेलेले प्राणी आणि पाणवनस्पती असे सर्व काही खाते. कठीण पाठीचे, पाठीवर तीन उभे कणे असणारे काळे कासव वनस्पतींवर अधिक भर देते आणि पुष्कळदा रात्री चरते. तिसरे एक मोठे मृदुकवची कासव दख्खनच्या नद्यांचे खास रहिवासी. पुण्याच्या नमुन्यावरून १८७२ साली ग्रे या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि मुंबईच्या डॉ. लीथ यांचे नाव त्याला दिले. विहिरीत सोडावयाचे ते बहुधा पहिल्या दोहोंपैकी एक, आणि तेही लहान असतानाच, कारण लहान कासव नेणे-आणणे सोपे.

विहिरीत या पिल्लाला पडलेले किडे, बेडकांची पोरे आणि भिंतीवरचे शेवाळ मिळे, आणि म्हणून कासव पाणी स्वच्छ ठेवते हा लोकांचा अनुभव अगदीच निराधार नव्हता. परंतु अन्न हा पोषणाचा एक अंश झाला. कासवाची पाठ म्हणजे हाडच. ते घडण्यास चुना लागतो, आणि तो चुना अंगी लागण्यास उन्हाची जरुरी असते. नदीतले कासव खडकावर येऊन तासन्‌तास ऊन खाते. वीस-तीस हात खोल, उभ्या बांधणीच्या विहिरीत मात्र ऊन पोहोचते ते माध्यान्ही, घटकाभर, आणि बाहेर येऊन बसावयास कोरडी जागा बहुधा नसतेच. पायविहिरीतील कासव त्या मानाने सुखी, कारण तिच्या पायऱ्यांवर त्याला येता येई. मादी असेल तर अंडी घालण्यास माती नाही. जोडीदार तर बहुतेकांना नव्हताच. गावाने त्याला देवासारखे मानले आणि त्याचा वंश तेथेच खुंटविला, हे त्या प्रेमाच्या हिशेबात मांडले पाहिजे.

कासवाला खरोखर मानवणारी जागा याच प्रांतात विहिरीपासून फार दूर नव्हती. साक्रीकडून धुळ्यावरून मुडावदपाशी तापीला मिळणाऱ्या पांझरेवर ओळीने लहान लहान बंधारे घालून, त्यांच्या पाटांनी जमीन भिजविण्याची फड पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. गावाच्या भिजणाऱ्या क्षेत्राचे चार-एक फड पाडावयाचे, प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, आणि पाण्याची वाटणी कोणा एका मालकाच्या मर्जीवर न ठेवता पाटकरी, हवालदार, जागल्या अशा नेमलेल्या माणसांकडे सोपवावयाची. त्यांचा मेहनताना धान्यात किंवा पिकाच्या वाट्यात ठरलेला, आणि पाट साफ करण्याचे श्रम सर्वांच्या वाट्याला. हा बंदोबस्त माणसांसाठी होता, कासवासाठी नव्हे. तरीपण बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळात, सांडीखालच्या डबक्यात आणि बारमाही ओल्या राहणाऱ्या पाटाच्या कडेला जे जग तयार होई, ते मऊ पाठीच्या कासवाला हवे तसेच असे : उन्हाळ्यात पुरून घेऊन पडून राहण्यास चिखल, पिल्लांना अळ्या आणि गोगलगाई, अंड्यांना काठची माती. भरवणारा कोणी नसताना पोट भरते ते असे. वैशाखात पाणी आटले तरी हे कासव चिखलात निपचित पडून महिनोन्‌महिने तग धरते. खडकात खोदलेल्या विहिरीच्या कोरड्या तळाशी मात्र त्याला पुरून घेण्यास काही सापडत नाही.

विसाव्या शतकात विहिरीचे रूप पालटले. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांना नारूचा रोग जडतो हे सिद्ध झाल्यावर आरोग्यखात्याने अशा विहिरी बुजविण्याचा आणि पायऱ्या बंद करण्याचा उद्योग आरंभिला. नारूचे जंतू ज्या सूक्ष्म पाणपिसवांतून पोटात जातात त्यांचा बंदोबस्त करणे कासवाच्या आवाक्याबाहेरचे होते, हे येथे स्पष्टच सांगितले पाहिजे. पटकीच्या साथीत विहिरीत लाल औषध पडू लागले, हिवतापासाठी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आले, आणि पाणी राखण्याचे जे काम लोकांनी कासवाकडे सोपविले होते ते औषधांनी आणि माशांनी घेतले. पुढे मोट गेली, पंप आले, आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात कूपनलिका इतक्या खोल गेल्या की जुन्या विहिरी कोरड्या पडल्या. पाण्याबरोबर कासवाची आठवणही आटली.

परंतु कासव बाळगण्याची हौस गेली नाही. ती विहिरीतून काचेच्या पेटीत आली. पाठीवर पिवळे तारे असलेले तारा-कासव त्यासाठी चोरून विकले जाते. ते जमिनीवर राहणारे आणि गवत, पाला, निवडुंग खाणारे. त्याला पाण्याच्या टबात ठेवून दूधभात चारणे म्हणजे त्याचा हळूहळू जीव घेणे होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी कासवे घरी ठेवणे गुन्हा ठरविले आहे. २०१९ मध्ये तारा-कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. मृदुकवची कासवेही याच कठोर संरक्षणाखाली आहेत. दुकानांतून उघडपणे विकले जाते ते लाल कानाचे कासव मूळ अमेरिकेतील. रुपयाएवढे असताना आणलेले हे पिल्लू ताटाएवढे झाले की लोक ते तलावात नेऊन सोडतात, आणि तेथे ते देशी कासवांच्या अन्नावर आणि उन्हाच्या जागांवर हक्क सांगू लागते. ज्यांच्या घरी ते आधीच आहे त्यांनी त्याला रोज ऊन, पोहण्यापुरते पाणी आणि बाहेर चढून बसण्यास दगड द्यावा. लहान वयात त्याला मासे-किडे अधिक लागतात आणि वाढत्या वयात पाणवनस्पती व पाला. पोळी, भात किंवा मुरमुरे हे त्याचे अन्न नव्हे.

पहिल्या पावसात शेताच्या बांधावर किंवा पाटाच्या कडेला देशी कासवाचे पिल्लू सापडले तर त्याला विहिरीत सोडू नये, हौदात ठेवू नये आणि भाकरी तर मुळीच चारू नये. बहुधा ते पाण्याच्याच वाटेवर असते. वाटेत रस्ता असेल तर उचलून, ज्या दिशेला ते चालले होते त्याच बाजूस ठेवावे. जखमी असेल तर ओल्या फडक्यावर, सावलीत, झाकणाला भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते नुकतेच अंड्यातून बाहेर पडलेले असेल तर पोटातला बलक त्याला काही दिवस पुरतो, आणि तेवढ्या अवधीत ते गाळातल्या अळ्या शोधावयास आपण होऊनच शिकते.