सनदेतली एक ओळ

बचत गट सुरू करताना पहिला हप्ता गोळा व्हायच्या आधी आपण नियम लिहितो. बैठक कधी, अध्यक्ष कोण, बँकेत सही कुणाची. संयुक्त राष्ट्रसंघाचंही तसंच झालं. त्या नियमांत बाईला जागा कशी मिळाली, ते आज आम्ही सांगणार आहोत.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि चीन यांनी नव्या संघटनेचा कच्चा आराखडा केला. आमसभा, सुरक्षा परिषद, सगळं त्यात होतं. स्त्रियांचं नाव नव्हतं. एप्रिल १९४५ मध्ये त्या आराखड्यावर सॅन फ्रान्सिस्कोत चर्चा सुरू झाली. ५० देशांची ती परिषद, पण शेवटी सनदेवर सह्या करणाऱ्या स्त्रिया फक्त चार.

त्यांतल्या एक ब्राझीलच्या बर्था लुट्झ, बेडकांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसी स्ट्रीट यांच्यासोबत त्यांनी आग्रह धरला, की संघटनेतलं कोणतंही पद पुरुषांइतकंच स्त्रियांनाही खुलं राहील, असं स्पष्ट लिहा. उत्तर आलं, बायकांना मनाई कुठे आहे? मग लिहायचं कशाला? लुट्झ यांना हे उत्तर पाठ होतं. ब्राझीलच्या १८९१ च्या घटनेत मतदार म्हणजे ‘नागरिक’ एवढंच लिहिलं होतं, आणि त्यात बाई धरलीच नाही. देशभरातल्या बायकांना मत मिळालं ते १९३२ साली. अमेरिकेच्या प्रतिनिधी व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह, स्वतः कॉलेजच्या डीन, त्यांनाही हा वेगळा उल्लेख नको होता. आपल्यातल्याच बाईचा विरोध जास्त बोचतो, नाही का?

भारताचे प्रतिनिधी इंग्रज सरकारनं नेमलेले, सगळे पुरुष. विजयालक्ष्मी पंडित त्याच शहरात होत्या, पण परिषदेच्या बाहेर. तिथूनच त्या स्वातंत्र्याची मागणी मांडत होत्या.

अखेर ती ओळ सनदेत आली, कलम ८ म्हणून. पुढच्याच वर्षी स्त्रियांसाठी वेगळा आयोग नेमला गेला. आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिताना आपल्या हंसा मेहता पुन्हा शब्दावरच अडून बसल्या. ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द त्यांना चालेना. १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व मानव’ आलं ते त्यामुळे.

कलम ८ अजून तसंच आहे. महासचिवाच्या खुर्चीवर मात्र, आम्ही हे बोलतोय तोवर, एकही बाई बसलेली नाही.