अॅन्फील्डची टेकडी

लिव्हरपूल शहरांतील अॅन्फील्ड मैदान आज लिव्हरपूल क्लबाचें म्हणून विख्यात आहे; परंतु 1884 सालीं तेथें फुटबॉल खेळूं लागला तो त्याचा आजचा प्रतिस्पर्धी एव्हर्टन! मैदानाचा मालक जॉन हौल्डिंग याच्याशीं भाड्यावरून तंटा माजून 1892 सालीं एव्हर्टननें बिऱ्हाड हलविलें, आणि रिकाम्या मैदानासाठीं हौल्डिंगनें नवा क्लबच काढला. घर ओस पडूं नये म्हणून कुटुंब जन्मास घालणारा असा घरमालक विरळाच.

1906 सालीं एका गोलामागें प्रेक्षकांसाठीं उंच उतार रचला, त्यास ‘स्पायन कॉप’ हें नांव मिळालें. हें नाताळमधील टेकडीचें नांव. जानेवारी 1900 मध्यें बोअरांशीं लढतांना तेथें इंग्रजांचे शेंकडों शिपाई पडले. त्यांत लँकाशायरच्या पलटणींचे पुष्कळ होते. त्याच रणांगणावरून मोहनदास गांधी व त्यांचे हिंदी सोबती जखमींच्या डोल्या वाहात होते. सेनापतींच्या गोंधळानें गेलेली ती लढाई. पण तिचें नांव जपलें तें सामान्य प्रेक्षकांनीं.

सामना नसतो त्या दिवशीं सहसा तिकीट काढून मैदान व संग्रहालय पाहतां येतें. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर 1989 सालीं झालेल्या चेंगराचेंगरींतील 97 मृतांचें स्मारकही येथें आहे. त्या अनर्थानंतर कॉपवर उभें राहण्याची चाल 1994 सालीं संपली. आतां तेथें खुर्च्या आहेत.