मूळ संख्या, अलीगढ आणि दामोदर कोसंबी

ऑक्टोबर २०२४ मध्ये, तोवर ज्ञात असलेल्या सर्व मूळ संख्यांहून मोठी अशी एक मूळ संख्या जाहीर झाली. दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ती मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती पूर्ण लिहिणे अशक्य असले, तरी तिचा शेवटचा अंक फळ्यावर काढता येतो. दोनच्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने फिरतात. इथे घातांकाला चारने भागल्यास बाकी एक उरते. म्हणजे घाताच्या शेवटी २ आणि एक वजा केल्यावर १. मी भाषेचा शिक्षक, तरीही डिचोलीत वर्गात हे करून दाखवले. उर्दूत मूळ संख्येला ‘मुफ्रद अदद’ म्हणतात, हे सांगायचे निमित्त होते. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, अशा संख्या पुढे संपतात का?’’

संपत नाहीत, हे युक्लिडने सिद्ध केले आहे. पण विरळ होतात. शंभरपर्यंत त्या २५ आहेत. वरील संख्येच्या आसपास मात्र सरासरी साडेनऊ कोटी संख्यांमागे जेमतेम एक. हे विरळ होणे कितपत नियमित आहे, याविषयी जर्मन गणिती रीमान यांनी १८५९ मध्ये मांडलेले गृहीतक आजही सिद्ध झालेले नाही. आणि याच प्रश्नावर एका गोमंतकीयाने आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती.

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) आपल्याला इतिहासकार म्हणून परिचित आहेत. बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद हे सांकवाळचे. दामोदर त्यांचे पुत्र. हार्वर्डहून १९२९ मध्ये पदवी घेऊन परतल्यावर ते प्रथम बनारसला व १९३१ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. कुलगुरू सर रॉस मसूद यांनी तेथे आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञास प्राध्यापक नेमले होते आणि वेल यांनीच कोसंबींना बोलावून घेतले. वेल यांच्या सूचनेवरून कोसंबींनी बूर्बाकी नावाच्या अस्तित्वात नसलेल्या गणितज्ञाचा हवाला देणारा एक शोधनिबंध लिहिला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने तेच नाव धारण करून जगभर गाजवले! अलीगढच्या इतिहासाचे हे पान आपल्याकडे फारसे उलगडले जात नाही.

१९५९ मध्ये, रीमान यांच्या निबंधाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, कोसंबींनी संभाव्यताशास्त्राच्या आधारे ते गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला; तोही कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. दावा टिकला नाही. गणितज्ञांमध्ये त्यांची पत घसरली आणि १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांनी घाई केली आणि निबंधासाठी जागाही चुकीची निवडली. पण मूळ संख्यांकडे संभाव्यतेच्या दृष्टीने पाहणे हा वेडेपणा नव्हता. स्वीडिश गणितज्ञ क्रामेर यांनी १९३६ मध्ये तोच मार्ग घेतला होता व आज तो मान्यताप्राप्त आहे.

कोसंबींनी विषय सोडला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मूळ संख्यांच्या वितरणावर त्यांचा निबंध आला. काही निबंध त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावाने छापले. मृत्यूपूर्वी मूळ संख्यांवरील एका पुस्तकाचे हस्तलिखित त्यांनी प्रकाशकाकडे धाडले होते. ते पुस्तक निघाले नाही, हस्तलिखितही पुढे सापडले नाही.