परदेशातून पेंटबॉल साहित्य मागवताना : सीमाशुल्क, परवाने आणि अडकणारी पार्सले

पेंटबॉल या खेळाचे साहित्य परदेशी विक्रेत्याकडे एकाच दुकानात मिळते. मास्क, हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, तिला जोडायची टाकी आणि रंगाने भरलेल्या गोळ्या यांचा संच एकाच बिलावर विकला जातो. तो संच भारताच्या विमानतळावर उतरला की मात्र त्याचे चार भाग होतात. प्रत्येक भागाला वेगळा कायदा लागू होतो आणि एका भागामुळे संपूर्ण पार्सल अडकू शकते. त्यामुळे ‘सीमाशुल्क किती पडेल’ हा प्रश्न बहुतेक खरेदीदार आधी विचारतात, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. मागवलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने कोणती, हा पहिला.

या खेळात बंदुकीला ‘मार्कर’ म्हणतात. अमेरिकेत वनकर्मचारी तोडायच्या झाडांवर आणि पशुपालक जनावरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी अशी पिस्तुले वापरत. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील जंगलात बारा जणांनी तीच हत्यारे घेऊन पहिला सामना खेळला, आणि खूण करणाऱ्या अवजाराचे नाव खेळात कायम राहिले. भारतात हा खेळ लोणावळ्यासारख्या पर्यटनस्थळांवरील साहसी क्रीडा केंद्रांत परिचित झाला. विक्रेत्याच्या बिलावर ‘मार्कर’ किंवा ‘क्रीडासाहित्य’ असे लिहिलेले असले तरी सीमाशुल्क अधिकारी नावावर नव्हे, वस्तूच्या रचनेवर जातो.

शस्त्र कायदा, १९५९ मधील अग्निशस्त्राची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे. स्फोटकाच्या किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने कसलेही प्रक्षेपक फेकण्यासाठी बनवलेले शस्त्र तिच्या कक्षेत येते. दाबलेली हवा ही ‘अन्य ऊर्जा’ आणि रंगाची गोळी हे ‘प्रक्षेपक’ असे वाचायला या व्याख्येत पुरेशी जागा आहे. एअरगनबाबत शस्त्र नियम, २०१६ मध्ये दोन मर्यादा घातलेल्या आहेत : नळीच्या तोंडाशी २० जूल ऊर्जा आणि ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, व्यास. यांपैकी एकही ओलांडली की सवलत संपते.

पेंटबॉलच्या बाबतीत येथेच मौज आहे. सुमारे ३ ग्रॅमची गोळी मैदानावर प्रचलित असलेल्या सेकंदाला ३०० फुटांच्या वेगमर्यादेत सुटली, तर तिची ऊर्जा साडेबारा जूलच्या आसपास भरते. ऊर्जेच्या कसोटीला मार्कर सहज उतरतो. व्यासाच्या कसोटीला मात्र उतरत नाही, कारण नेहमीची गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे १७ मिलिमीटरहून अधिक जाडीची असते. जेलाटिनच्या कवचातील रंग आणि शिशाची गोळी यांत फरक आहे हे कोणीही मान्य करील. पण नियमातील मोजपट्टी नळीचा व्यास मोजते, गोळीचा मऊपणा नव्हे.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हवेच्या वा वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका ९३०४ या शीर्षकाखाली, म्हणजे शस्त्रास्त्रांच्या प्रकरणात येतात. खेळांच्या ९५ व्या प्रकरणात त्यांना स्थान नाही. या प्रकरणातील शस्त्रांची आयात परवान्याच्या अटींनी बांधलेली आहे आणि शस्त्रांच्या आयातीसाठी शस्त्र कायद्याच्या कलम १० खाली परवाना लागतो. परदेशातून परतताना मार्कर सामानात घालून आणण्याचा मार्गही यापेक्षा सोपा नाही, कारण प्रवाशांना सामानावर मिळणाऱ्या शुल्कमुक्त सवलतीतून अग्निशस्त्रे वगळलेली आहेत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी गृह मंत्रालयाच्या वा जिल्ह्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घेणे, किंवा रीतसर परवानगीने माल आणणाऱ्या देशातील विक्रेत्याकडूनच मार्कर घेणे, हेच व्यवहार्य होय. मोठ्या प्रमाणावर साहित्य आणू पाहणाऱ्या क्रीडा केंद्राला मुंबई किंवा नवी दिल्ली येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे वर्गीकरणाचा प्रश्न आधीच नेता येतो. एका मार्करसाठी तो खटाटोप परवडणारा नाही.

टाकीचे प्रकरण वेगळे असून त्याचा संबंध नागपूरशी आहे. वायू सिलिंडर नियम, २०१६ ची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय तेथे आहे. या नियमांत ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक धारणक्षमतेचे पात्र ‘सिलिंडर’ ठरते, आणि सिलिंडर आयात करायचा तर संघटनेचा परवाना लागतो. पेंटबॉलच्या टाक्या घनइंचांत विकल्या जात असल्यामुळे ही सीमारेषा खरेदीदाराच्या लक्षात येत नाही. १३ घनइंचांची छोटी टाकी २१३ मिलिलिटरची, म्हणजे सीमेच्या आत. ४८ घनइंचांची टाकी ७८७ मिलिलिटरची आणि ६८ घनइंचांची १,११४ मिलिलिटरची, दोन्ही सीमेबाहेर. शेवटच्या दोन आकारांच्या टाक्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक प्रिय आहेत. त्यांतील दाब ३,००० ते ४,५०० पाउंड प्रति चौरस इंच, म्हणजे साधारण २०० ते ३१० बार असतो, हे पाहता नियमाचा कडकपणा अनाठायी म्हणता येणार नाही. टाकी कोणत्याही आकाराची असो, भरलेल्या अवस्थेत ती टपालाने पाठवता येत नाही.

गोळ्यांना कायद्यापेक्षा हवामान आणि वजन आडवे येते. दोन हजार गोळ्यांचे खोके सहा किलोंच्या घरात जाते, त्यामुळे वाहतूक खर्च मालाच्या किमतीवर चढतो. शिवाय जेलाटिनचे कवच दमट हवेत फुगते. जुलै महिन्यात मुंबईच्या गोदामात पंधरा दिवस पडलेले खोके नळीत बसेल याची शाश्वती नाही. गोळ्या देशातच विकत घ्याव्यात.

उरतो मास्क. परदेशातून मागवण्याजोगी वस्तू खरे तर हीच, कारण पेंटबॉलसाठीच्या नेत्रसंरक्षणाचे एएसटीएम एफ १७७६ हे मानक पाळणारा मास्क साध्या औद्योगिक चष्म्याने बदलता येत नाही. डोळ्याचा प्रश्न आहे. मास्क, हातमोजे, गुडघ्यांची आवरणे, जर्सी यांना शस्त्र वा सिलिंडरविषयक नियम लागू नाहीत. येथे शुल्काचा हिशेब तेवढा समजून घ्यावा लागतो. वैयक्तिक वापरासाठी अशा वस्तू मागवणाऱ्यास आयात-निर्यात संकेतांकही काढावा लागत नाही.

शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर आकारले जात नाही. किंमत, वाहतूक आणि विमा मिळून ‘करनिर्धारण मूल्य’ होते. २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार विम्याचा आकडा उपलब्ध नसेल तर किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. हवाई मार्गाने आलेल्या मालाच्या बाबतीत वाहतुकीचा खर्च किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही, ही तरतूद ग्राहकाच्या हिताची असूनही फारशी कोणाला ठाऊक नसते. परकीय चलनाचा दर बँकेचा नव्हे, सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला लागतो.

वैयक्तिक वापराच्या आयातीसाठी ९८०४ हे शीर्षक आहे, परंतु ज्यांच्या आयातीवर परकीय व्यापार कायद्याखाली निर्बंध आहेत अशा वस्तू त्यात बसत नाहीत. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले असल्याने मागणी नोंदवण्याच्या दिवशीचा दर पाहावा. आकारणीची पद्धत मात्र तीच राहते. समजा, मास्क आणि कपडे यांची किंमत २०,००० रुपये आणि हवाई वाहतुकीचा प्रत्यक्ष खर्च ७,००० रुपये आहे. वाहतुकीपोटी ४,००० आणि विम्यापोटी २२५ रुपयेच धरून मूल्य २४,२२५ रुपये होईल. हिशेबापुरते मूलभूत सीमाशुल्क २० टक्के मानले तर ते ४,८४५ रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार लागू असल्यास आणखी ४८४ रुपये ५० पैसे. या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर १८ टक्के मानला तर तो ५,३१९ रुपये ८१ पैसे. एकूण भार १०,६४९ रुपयांचा, म्हणजे मालाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. करावर कर बसत असल्याने दरांची नुसती बेरीज करून अंदाज बांधणारा दरवेळी कमी रक्कम धरतो. कुरियर कंपनी शुल्क आधी स्वतः भरून नंतर वसूल करते, त्या सेवेचा आकार याहून वेगळा.

विक्रेत्याला सांगून पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून घेण्याचा जुना सल्ला आता घातक आहे. डिसेंबर २०१९ पासून टपालाने वा कुरियरने भेट म्हणून शुल्कमुक्त माल आणण्यास बंदी आहे. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबत पाठवलेली भेटसुद्धा या अपवादात येत नाही. किंमत कमी दाखवलेले बिल जोडणे त्याहून वाईट, कारण त्यामुळे शुल्काचा मामला खोट्या घोषणेचा होतो आणि सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ खालील जप्ती व कलम ११२ खालील दंड यांचे दार उघडते. पैसे भरल्याची पावती, विक्रेत्याच्या पानाची प्रत आणि वस्तूचे तांत्रिक वर्णन जवळ असेल, तर मूल्याविषयीची शंका बहुधा एका पत्रात मिटते.

पार्सल अडवल्याची सूचना आली की मुदतींकडे लक्ष द्यावे. तीस दिवसांत न सोडवलेला माल विकला जाऊ शकतो आणि तोपर्यंत गोदामाचे भाडे चढत राहते. जप्तीपूर्वी कारणे दाखवा नोटीस मिळण्याचा हक्क कलम १२४ देते. माल प्रतिबंधित नसेल तर जप्तीऐवजी दंड भरून तो सोडवण्याचा पर्याय अधिकाऱ्याने द्यावाच लागतो, प्रतिबंधित असेल तर ते त्याच्या विवेकावर अवलंबून राहते (कलम १२५). आदेशाविरुद्ध आयुक्त (अपील) यांच्याकडे साठ दिवसांत जाता येते. शुल्क परवडत नाही असे दिसल्यास मंजुरीच्या आदेशापूर्वी मालावरील हक्क सोडून देता येतो, मात्र गुन्हा घडल्याचे दिसत असल्यास ती वाट बंद होते. आणि मास्क सदोष निघाला किंवा मागवल्यापेक्षा वेगळा आला, तर तो न वापरता, मंजुरीपासून तीस दिवसांच्या आत सीमाशुल्क विभागाच्या नोंदीने परत पाठवल्यास भरलेले शुल्क कलम २६-अ खाली परत मागता येते. त्यासाठी मूळ वेष्टन फेकू नये.