रेणू तोच, स्फटिक निराळा

एखाद्या पदार्थाचे गुणधर्म केवळ त्यात कोणते अणू आहेत यावर ठरत नाहीत. ते अणू आणि रेणू परस्परांशी कोणत्या बंधांनी जोडलेले आहेत व त्यांची मांडणी कशी आहे, यावरही ते अवलंबून असतात. हिरा आणि ग्रॅफाइट ही याची शालेय पुस्तकांतून परिचित झालेली जोडी. दोन्ही कार्बनचीच रूपे. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी जखडलेला असतो. ग्रॅफाइटमध्ये तो तिघांशीच जोडला जाऊन सपाट थर तयार होतात आणि त्या थरांमधील आकर्षण क्षीण असते. म्हणूनच हिरा काच कापतो, तर पेन्सिलीतील ग्रॅफाइट कागदावर सहज उतरते. हेच तत्त्व औषधांनाही लागू पडते. तेथे मात्र प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असतो.

रेणूंमधील नाजूक बंध

औषधाच्या रेणूमधील अणू सहसंयुज बंधांनी एकत्र राहतात. हे बंध भक्कम असतात. कार्बनच्या दोन अणूंमधील एकेरी बंध तोडण्यास दर मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. स्फटिकात एका रेणूला दुसऱ्या रेणूशेजारी धरून ठेवणारी बले मात्र बरीच दुबळी असतात. त्यांपैकी हायड्रोजन बंधाची ताकद बहुधा दर मोलमागे १० ते ३० किलोज्यूल इतकीच भरते. व्हॅन डर वाल्स आकर्षण त्याहूनही क्षीण असते.

दुबळ्या बलांनी बांधलेले रेणू अनेकदा एकाहून अधिक प्रकारे रचले जाऊ शकतात आणि त्या रचनांच्या ऊर्जेत फरकही थोडाच असतो. एकाच संयुगाने असे भिन्न स्फटिक धारण करण्याच्या गुणधर्माला बहुरूपता म्हणतात. सेंद्रिय संयुगात ती प्रथम १८३२ मध्ये फ्रीडरिश वोलर व युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना बेंझामाइडच्या बाबतीत आढळली.

ताप उतरवणारे पॅरासिटामॉल हे याचे घरोघरचे उदाहरण होय. त्याच्या पहिल्या रूपात रेणूंचे थर नागमोडी असल्याने ते एकमेकांवरून घसरत नाहीत. त्यामुळे नुसती भुकटी दाबून चांगली गोळी तयार होत नाही. बंधक द्रव्ये मिसळावी लागतात. दुसऱ्या रूपात थर सपाट असतात, ते सरकतात व भुकटी सहज दाबली जाते. परंतु हे रूप कमी स्थिर असून त्याचे पहिल्यात रूपांतर होऊ शकते. म्हणून बाजारातील गोळ्यांत सहसा पहिलेच रूप वापरले जाते.

रिटोनाव्हिरचा धडा

गोळी विरघळताना रेणूंना स्फटिकातील शेजाऱ्यांपासून सुटे व्हावे लागते. स्फटिकाची बांधणी जितकी स्थिर, तितकी त्याची विद्राव्यता कमी. औषध पुरेसे विरघळले नाही तर ते रक्तात पुरेसे पोहोचत नाही. रेणू तोच असूनही उपचार निष्फळ ठरू शकतो.

अमेरिकेतील अॅबट कंपनीला याचा अनुभव १९९८ मध्ये आला. एचआयव्हीच्या प्रोटीएज या विकराला रोखणारे तिचे रिटोनाव्हिर हे औषध १९९६ पासून कॅप्सूलच्या रूपात उपलब्ध होते. त्याचा एकच स्फटिकप्रकार तोवर ठाऊक होता. १९९८ मध्ये अचानक काही कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत अनुत्तीर्ण होऊ लागल्या. त्यांच्यात एक नवाच स्फटिक अवतरला होता. त्याची विद्राव्यता जुन्यापेक्षा कित्येक पटींनी कमी होती.

नव्या रूपात रेणूचा एक भाग वळलेला असतो आणि त्यामुळे शेजारच्या रेणूंशी अधिक भक्कम हायड्रोजन बंध जुळतात. द्रावणात रेणूला ही ठेवण क्वचितच लाभते. म्हणून अधिक स्थिर असूनही हे रूप इतकी वर्षे दडून राहिले. एकदा त्याचा सूक्ष्म कण निर्माण झाला, की तो विरजणासारखे काम करतो आणि पुढील रेणू त्याच नमुन्यावर रचले जातात. लवकरच जुना स्फटिक हाती लागणे दुरापास्त झाले.

कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. रुग्णांना काही काळ बेचव द्रवरूप औषधावर भागवावे लागले. १९९९ मध्ये शीतकपाटात ठेवावी लागणारी मऊ कॅप्सूल आली, तर साध्या तापमानात टिकणारी गोळी २०१० मध्ये. या गोळीत औषध स्फटिकरूपात नसून बहुवारिकात विखुरलेले असते. पुढे कोविडवरील पॅक्सलोव्हिड या उपचारातही रिटोनाव्हिरचा समावेश झाला आणि २०२२ मध्ये त्याचा तिसरा स्फटिकही संशोधकांना गवसला.

स्फटिक आणि पेटंट

स्फटिकाचे रूप बदलले की ते नवे औषध मानायचे काय, हा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये सुधारलेल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याची परिणामकारकता वाढल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, पेटंट मिळत नाही. बहुरूपी स्फटिकांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेटच्या 'बीटा' स्फटिकासाठी नोव्हार्टिस कंपनीने पेटंट मागितले होते. हा स्फटिक अधिक स्थिर असून तो ओलावा कमी शोषतो, असे कंपनीचे म्हणणे होते. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मागणी फेटाळली. हे भौतिक गुण उपयुक्त असले, तरी त्यामुळे रोगावरील परिणामकारकता वाढते असे सिद्ध होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्यामुळे भारतीय कंपन्यांना हे औषध बरेच स्वस्त दरात पुरवत राहणे शक्य झाले.

आज नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची संभाव्य स्फटिकरूपे हुडकण्यासाठी निरनिराळी द्रावके, तापमान व दाब यांखाली असंख्य प्रयोग केले जातात. क्ष-किरण विवर्तनाने प्रत्येक रूपातील रेणूंची मांडणी ताडून पाहिली जाते. काही औषधांच्या बाबतीत उष्णता व ओलावा यांनीही स्फटिकाचे रूप पालटू शकते. त्यामुळे वेष्टनावरील 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी नाही.