अरुणा असफ अली मार्गावरील त्वरक

दिल्लीचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याची लेखणी तख्त, तहनामे आणि फर्माने यांतच बहुधा गुंतून पडते. परंतु त्याच शहराच्या दक्षिण भागात, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या सान्निध्यात, अरुणा असफ अली मार्गावर, विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली न्यूक्लिअर सायन्स सेंटर या नावाने जी संस्था स्थापिली, आणि जी आज इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर म्हणून ओळखली जाते, तिचाही वृत्तांत नमूद करण्याजोगा आहे. त्या काळी देशातील मोठे त्वरक मुख्यत्वे अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत, मुंबई-कोलकात्याला असत. आयोगाने मात्र सर्व विद्यापीठांच्या सामाईक वहिवाटीसाठी स्वतंत्र यंत्र मंजूर केले, आणि त्याच्या उभारणीचा कारभार गि. के. मेहता या पहिल्या संचालकांच्या हाती सोपविला.

अमेरिकेतून आणविलेले हे यंत्र, म्हणजे पेलेट्रॉन जातीचा त्वरक, सल्फर हेक्साफ्लोराइड वायूने भरलेल्या उंच पोलादी टाकीत उभे आहे. टाकीच्या मध्यावरील अग्राचा विद्युत्‌दाब दीड कोटी व्होल्टपर्यंत चढविता यावा, अशी त्याची रचना. तेथे ऋणभारित आयन खेचले जातात, कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावून धनभारित होतात, आणि त्याच दाबाने पुन्हा पुढे लोटले जातात.

ताऱ्यांशी या यंत्राचा संबंध कोणता? लोहापर्यंतची मूलद्रव्ये ताऱ्यांच्या गर्भातील संमीलनाने, तर त्यापुढची बहुतांशी न्यूट्रॉन-ग्रहणाने घडतात, ही उपपत्ती बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी १९५७ साली सविस्तर मांडली. तिची कसोटी प्रत्येक अभिक्रियेचा वेग मोजण्यात आहे. आणि अडचण अशी, की तारकीय ऊर्जांना भारित केंद्रके परस्परांना इतके दूर सारतात, की अभिक्रिया क्वचितच घडते, तर कित्येक आवश्यक केंद्रके इतकी अल्पायुषी, की त्यांचे लक्ष्यच तयार करता येत नाही. म्हणून संशोधक आडवाटेने जातात. दिल्लीत ‘हिरा’ या उपकरणाने लिथियमच्या शलाकेपासून निर्माण झालेली बेरिलियम-७ ची किरणोत्सारी केंद्रके निवडून काढून ती ड्यूटेरियमवर आदळविली, आणि सूर्यातील बोरॉन-८ ज्या अभिक्रियेतून जन्मते तिचा वेग अप्रत्यक्षपणे काढला. हे कार्य २००६ साली प्रसिद्ध झाले. बोरॉन हे हलके मूलद्रव्य खरे; पण जे थेट मोजता येत नाही ते एका केंद्रकाकडून दुसऱ्याकडे कण जाणाऱ्या अशा स्थानांतरण-अभिक्रियेवरून ताडण्याची हीच रीत जगभर जड केंद्रकांच्या न्यूट्रॉन-ग्रहणासाठीही योजिली जाते.

विद्यापीठांच्या सामाईक केंद्राच्या या व्यवस्थेचा नमुना पुढे महाराष्ट्रातही गिरविला गेला. १९८८ साली पुण्यास आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था स्थापन झाली, ती आयोगाच्याच आंतरविद्यापीठीय योजनेखाली, आणि तिचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर हे त्याच हॉइल यांचे शिष्य. एका खात्याच्या मालकीऐवजी विद्यापीठांच्या सामाईक हक्काला प्राधान्य देणारा दिल्लीचा तो निर्णय दूरदृष्टीचा होता, असेच म्हटले पाहिजे.